रणगाडा परवडला नाही म्हणून माणसं दाखवली

उंबरठा | रविवार, रात्री ११:४०

युद्धपट म्हटलं की मी साधारण पाऊण तासात झोपतो. धूर, माती, किंकाळ्या, पुन्हा धूर. कोण मेलं ते कळायच्या आत पुढचा मेलेला असतो. काल मात्र 'टँजरिन्स' लावला (२०१३, दिग्दर्शक झाझा उरुशाद्झे) आणि शेवटपर्यंत जागचा हललो नाही.

साल १९९२, अबखाझियातलं (जॉर्जियापासून वेगळं होऊ पाहणाऱ्या प्रदेशातलं) युद्ध. एकोणिसाव्या शतकात तिथे येऊन वसलेल्या एस्टोनियन लोकांचं एक छोटं गाव. लढाई पेटल्यावर बहुतेक सगळे एस्टोनियाला निघून गेलेत. मागे राहिलाय इव्हो नावाचा म्हातारा सुतार आणि त्याचा शेजारी मार्गुस. मार्गुसच्या बागेत टँजरिन (संत्र्याच्याच गोतातलं लहान फळ) पिकून तयार आहे आणि त्यासाठी इव्हो खोकी ठोकतोय. अशात दारातच चकमक होते आणि दोन जखमी उरतात. अहमद हा पैसे घेऊन अबखाझियाच्या बाजूने लढायला आलेला चेचेन, निको समोरच्या बाजूचा जॉर्जियन. इव्हो दोघांनाही एकाच घरात ठेवतो. अहमदचा दोस्त या चकमकीत गेलाय, त्यामुळे त्याला उठता आलं की पहिलं काम म्हणजे निकोला मारणं. इव्हो त्याच्याकडून शब्द घेतो: या घरात नाही.

एवढ्यावर जेमतेम दीड तासाचा सिनेमा. दोन घरं, एक बाग, मूठभर नट.

पण मला लिहायचंय ते एका प्रसंगाबद्दल. चकमकीनंतर रस्त्यावर राहिलेली गाडी लपवायची म्हणून हे म्हातारे ती ढकलत नेतात आणि उतारावरून सोडून देतात. गाडी घरंगळते, आपटते, पडून राहते. एक जण म्हणतो, मला वाटलं स्फोट होईल, सिनेमात होतो तसा. त्यावर दुसरा म्हणतो, सिनेमा म्हणजे मोठी थाप. मी मोठ्याने हसलो. नंतर लक्षात आलं, या गड्याने स्फोटाचा खर्चही वाचवला आणि वर टाळीही घेतली!

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. हाताशी पैसे नसले की कॅमेरा लांब जाऊ शकत नाही. लांब गेला तर पलीकडे सैन्यच नाही हे उघडं पडेल. मग तो माणसांच्या तोंडापाशी, हातांपाशी घुटमळतो, आणि आपल्यालाही तिथेच बघावं लागतं. असे सिनेमे आणखी कोणते? मोठ्या बॅनरचे नकोत.

---

रातराणी | सोमवार, सकाळी ८:०५

उंबरठा, फार आवडता सिनेमा. एस्टोनियाचा ऑस्करच्या अंतिम यादीत गेलेला पहिला चित्रपट हा.

मला मात्र हातांपेक्षा ती कॅसेट लक्षात राहिली. निकोच्या कॅसेटची टेप तुटलीय आणि तो ती दुरुस्त करत बसलेला असतो. समोर जिवावर उठलेला माणूस, बाहेर लढाई, आणि या बाबाचं सगळं लक्ष त्या तपकिरी फितीत. ज्यांनी लहानपणी पेन्सिल घालून कॅसेट गुंडाळल्यात त्यांना तो प्रसंग वेगळा समजवावा लागत नाही. त्या कॅसेटचं शेवटी जे होतं ते सांगत नाही. पण मी रडले.

वाचनमात्र | सोमवार, सकाळी ९:३०

वाचनखूण साठवली आहे.

खवचट | सोमवार, सकाळी १०:१२

झालं सुरू. गरिबीचं कौतुक हा आपला आवडता छंद. अहो, पैसे नसलेल्या युद्धपटांचा नुसता ढीग पडलाय आणि त्यातले बहुतेक बघवत नाहीत. चार मित्र, भाड्याचे गणवेश, एक जंगल. दर पाच मिनिटांनी कोणीतरी खिशातून बायकोचा फोटो काढतो. फोटो काढला की समजायचं, हा पुढच्या प्रसंगात जाणार. ही तुमची माणुसकी?

कॅमेरा तोंडापाशी नेला म्हणून तोंडात काही असतंच असं नाही. 'टँजरिन्स' चांगला आहे कारण लिहिलाय चांगला. त्याच माणसाला दसपट पैसे दिले असते तरी चांगलाच केला असता.

उंबरठा | सोमवार, सकाळी १०:४०

फोटोवालं मान्य, हसलो. 😄 पण दसपट पैसे दिले असते तर ती गाडी फुटली असती. त्याला नको असती तरी पैसे देणाऱ्याला हवी असती.

जुनीरिळं | सोमवार, दुपारी १:२०

या धाग्यावर सॅम्युअल फुलरचं नाव आल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे पाप आहे. जेवणाची सुट्टी यात घालवतोय, वाचा.

'द स्टील हेल्मेट'. कोरियाचं युद्ध २५ जून १९५० ला सुरू झालं आणि हा सिनेमा १९५१ च्या जानेवारीत चित्रपटगृहात लागला! शूटिंग दहा दिवसांचं. खर्च एक लाख डॉलरच्या थोडा वर, म्हणजे तेव्हाच्या हॉलिवूडच्या मानाने चिल्लर. कोरिया म्हणून लॉस एंजेलिसमधलं ग्रिफिथ पार्क. सैन्य म्हणून विद्यापीठातली पंचवीसेक पोरं, त्यांनाच फिरवून फिरवून दोन्ही बाजूंना लावलेलं. रणगाडा प्लायवुडचा. आणि बराचसा सिनेमा एका देवळाच्या सेटवर, धुक्यात. धुकं का? कारण धुक्यामागे काही नाही हे दिसत नाही.

सुरुवात बघाच. पडद्यावर फक्त एक हेल्मेट, त्याला गोळीचं भोक. नावं पडत राहतात. आपल्याला वाटतं हेल्मेट नुसतं पडलंय. मग ते हळूच वर उचललं जातं आणि खाली दोन डोळे दिसतात. हा सार्जंट झॅक. त्याचे हात बांधलेले आहेत, सोबतचे सगळे मारले गेलेत, आणि हा हेल्मेटमुळे वाचलाय. एक कोरियन पोरगा येऊन दोर कापतो आणि त्याच्या मागे लागतो. झॅकला तो नकोय. झॅकला कोणीच नकोय. चिरूट चावत तो सगळ्यांना हाडतूड करत असतो.

आता हा फुलर कोण? आधी वार्ताहर, मग दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पहिल्या इन्फंट्री डिव्हिजनमध्ये साधा पायदळातला सैनिक. उत्तर आफ्रिका, सिसिली, नॉर्मंडीचा ओमाहा किनारा, सगळीकडे हा होता. त्यामुळे त्याच्या सिनेमात कोणी भाषण करत नाही. सगळे दमलेले असतात.

(पुढे कथा फुटते, ज्यांना बघायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा.) तो पोरगा मारला जातो. त्याच्या अंगावर कागदावर लिहिलेली एक प्रार्थना असते, झॅकला मी आवडावा अशी. पकडलेला उत्तर कोरियन मेजर ती वाचून टर उडवतो. झॅक त्याच क्षणी त्याला गोळी घालतो. निःशस्त्र कैद्याला. आणि मग भानावर येऊन त्या मरणाऱ्या कैद्याला म्हणतो, तू मेलास तर तुला मारून टाकीन! अख्ख्या युद्धपटांच्या इतिहासात याहून खरं आणि वेडगळ वाक्य मला माहीत नाही. अमेरिकन लष्कराला हा प्रसंग भयंकर झोंबला. आमची माणसं असं करत नाहीत म्हणे.

तोच मेजर कृष्णवर्णीय डॉक्टर-सैनिकाला विचारतो, तुला तुझ्या देशात बसमध्ये मागे बसवतात ना? आणि जपानी वंशाच्या अमेरिकन सार्जंटला, महायुद्धात त्याच्यासारख्यांना अमेरिकेने ज्या छावण्यांत डांबलं त्यांची आठवण करून देतो. १९५१ मध्ये! मोठ्या स्टुडिओत हे संवाद पहिल्याच बैठकीत कापले गेले असते. खवचट, पैसे कमी असण्याचा हा फायदा मोजा. कमी पैसे म्हणजे कमी साहेब.

शेवटी पडद्यावर 'समाप्त' येत नाही. या गोष्टीला शेवट नाही, असं येतं.

खवचट | सोमवार, दुपारी १:५५

"कमी पैसे म्हणजे कमी साहेब" हे पटलं. बाकी माझं म्हणणं तसंच.

रातराणी | सोमवार, दुपारी २:१०

जुनीरिळं, दंडवत. आज रात्रीच बघणार.

कानोसा | सोमवार, रात्री १०:३५

मी ध्वनीचं काम करतो. तीन छोट्या युद्धपटांना आवाज दिलाय, त्यातले दोन कोणी पाहिले नसतील, बरंच आहे. थोडं आतलं लिहितो.

पैसे नसलेल्या युद्धपटात युद्ध पडद्यावर नसतं, कानात असतं. दिग्दर्शक येऊन म्हणतो, चित्रात तीन माणसं खड्ड्यात बसलीत, पलीकडे पलटण लढतेय असं वाटू दे. आता ही पलटण मी तयार करायची. पहिली गोष्ट म्हणजे अंतर. रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते, त्यामुळे तुमच्या दिशेने झाडली तर आधी डोक्यावरून चाबूक ओढल्यासारखा 'चट्ट' येतो आणि मग लांबून बंदुकीचा 'धप्'. दोन्हींमधली फट जितकी मोठी तितका झाडणारा लांब. तोफेचंही तसंच. उजेड दिसल्यापासून आवाज यायला तीन सेकंद लागले तर तो साधारण किलोमीटरभर दूर. बहुतेक सिनेमांत उजेड आणि आवाज एकदमच येतात, कारण निर्मात्याला वाटतं ध्वनिवाल्याची चूक झाली!

ही फट ठेवू दिली की नटाला काहीतरी करायला मिळतं. 'चट्ट' झालं की सगळे दबतात, आणि 'धप्' येईपर्यंत कोणी श्वास घेत नाही. तो श्वास मी माईक नाकाशी धरून वेगळा रेकॉर्ड करतो. एका सिनेमात आख्खी रात्रीची लढाई आम्ही अशी केली. चित्र काय, तर एका पोराचा कान आणि गालाचा अर्धा भाग. खर्च शून्य.

जाता जाता, प्लायवुडच्या रणगाड्याचं काही वाटून घेऊ नका. पट्ट्यांचा कर्कश आवाज आणि जमिनीची घरघर नीट लावली तर लोक खोक्यालाही घाबरतात.

जुनीरिळं | सोमवार, रात्री ११:०२

कानोसा, कडक प्रतिसाद. खोक्यावरून 'दी ब्र्युके' आठवला, बर्नहार्ड विकीचा, १९५९. महायुद्ध संपायला जेमतेम काही दिवस उरलेत, आणि सोळा वर्षांच्या सात जर्मन पोरांना एका बिनमहत्त्वाच्या पुलावर पहाऱ्याला ठेवलंय. अमेरिकन रणगाडे येतात ते लाकडी आहेत, ट्रकवर बसवलेले. नीट पाहिलं तर खाली चाकंही दिसतात. पण तोवर आपण त्या पोरांच्या इतके जवळ गेलेले असतो की चाकं बघायला वेळ नसतो. शेवटी अक्षरं येतात की हे २७ एप्रिल १९४५ ला घडलं आणि इतकं क्षुल्लक होतं की कुठल्याच युद्धवार्तेत त्याचा उल्लेख आला नाही.

पिट्ठू | मंगळवार, पहाटे ५:२०

नमस्कार मंडळी. इथे वाचत असतो, लिहितो कमी. पायदळात बावीस वर्षं काढली. युद्धपट बघत नाही. घरात कोणी लावला तर मला दुसऱ्या खोलीत पाठवतात, कारण मी मध्ये मध्ये बोलतो.

तरी विषय निघालाय म्हणून. मी पहिल्यांदा बघतो ते पाठ. नटाच्या पाठीवरच्या पिट्ठूत काय भरलंय ते चालीवरून समजतं. ओझं खरं असेल तर माणूस पुढे झुकतो, अंगठे पट्ट्यांत अडकवतो, बसताना आधी टेकायला काहीतरी शोधतो आणि उठताना दुसऱ्याचा हात मागतो. कापूस भरलेला असेल तर टुणकन उठतो. सिनेमातले सगळे टुणकन उठतात. यासाठी पैसे लागत नाहीत हो, दगड भरा.

दुसरं, पाय. सेक्शन कमांडर झालो तेव्हा माझं रोजचं काम म्हणजे दहा जणांचे पाय बघणं. मोजे काढ, बोटं पसर, पावडर लाव, कोरडे मोजे घाल. भिजलेल्या मोज्यांनी जितकी माणसं निकामी होतात तितकी दाखवायला गेलात तर तुमचा सिनेमा दवाखान्यातच संपेल. आजवर एकाही पडद्यावरच्या अधिकाऱ्याला मी जवानाच्या बोटांमध्ये बघताना पाहिलेलं नाही. सगळे नकाशा बघतात.

माणुसकीचं म्हणाल तर एक सांगतो. रात्रीची लांब चाल होती, तिसरी रात्र. पुढच्याच्या पिट्ठूचा पट्टा धरून चालायचं म्हणजे अंधारात चुकत नाही. चालता चालता झोप लागते, हे अनुभवल्याशिवाय खरं वाटणार नाही. पुढचा थांबला आणि मी झोपेतच त्याच्यावर आदळलो. तो काही बोलला नाही. अंधारात चाचपडत माझ्या पाउचमधल्या एलएमजीच्या (हलक्या मशीनगनच्या) मॅगझिन काढल्या, स्वतःकडे कोंबल्या, पट्टा परत माझ्या हातात दिला आणि चालू लागला. सकाळी उजाडल्यावर मात्र माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

आता ही माणुसकी की सोय? मी कोसळलो असतो तर मला उचलून न्यायचं त्यालाच होतं. तीस वर्षं झाली, मला ठरवता आलेलं नाही. त्यालाही विचारलं नाही.

उंबरठा | मंगळवार, सकाळी ७:४५

काका, धागा काढल्याचं सार्थक झालं. इव्हो जेव्हा "या घरात नाही" म्हणतो ना, तेही असंच आहे. "माणसाने माणसाला मारू नये" असलं काही तो म्हणत नाही. घर माझं, नियम माझा, बाहेर तुमचं तुम्ही बघा.

कानोसा | मंगळवार, सकाळी ८:३०

पिट्ठूकाका, दगड भरायची सूचना पुढच्या सिनेमाच्या कॉस्च्युमवाल्याला देणार. नट मला शिव्या घालतील.

भटकभवानी | मंगळवार, सकाळी ११:१५

मी वाचलं होतं की महायुद्धात चारातल्या एकाच सैनिकाने शत्रूवर बंदूक चालवली, बाकीच्यांनी चालवलीच नाही. माणसाचा मूळ स्वभाव मारण्याचा नाही असा त्याचा अर्थ लावतात. तुमच्या या सिनेमांमागचं शास्त्र तेच ना?

जुनीरिळं | मंगळवार, दुपारी १२:०५

भवानी, तो आकडा एस. एल. ए. मार्शल या अमेरिकन लष्करी इतिहासकाराचा, १९४७ सालचा. ऐकायला गोड आहे म्हणून सगळीकडे फिरतो, पण १९८८ मध्ये रॉजर स्पिलर यांनी तो तपासायला घेतला तेव्हा त्यामागे मोजमापाचा पुरावाच सापडला नाही. सैनिकांच्या गटमुलाखतींतून काढला असं मार्शल सांगत, पण त्या मुलाखतींत हा प्रश्न विचारल्याचंच दिसत नाही. तेव्हा त्यावर इमला नको.

पिट्ठू | मंगळवार, दुपारी १२:५०

आमच्यात तर गोळ्या कमी झाडा म्हणून ओरडावं लागायचं. घाबरलेला माणूस मॅगझिन रिकामी करतो.

खवचट | मंगळवार, रात्री ९:१०

आता मुद्द्याचं. काकांची गोष्ट सोडली (ती उत्तम) तर या धाग्यावर सगळे एका गोष्टीला बगल देतायत. "सामान्य सैनिकाची माणुसकी" या नावाखाली काय काय खपवलं जातं?

उदाहरण घ्या, 'सेंट्स अँड सोल्जर्स', २००३, दिग्दर्शक रायन लिटल. अमेरिकेतल्या यूटा राज्यात केलेला छोटा सिनेमा, खर्च आठ लाख डॉलरच्या आत. महायुद्धाचे प्रसंग हुबेहूब उभे करणाऱ्या हौशी मंडळींनी आपापले गणवेश, बंदुका, गाड्या आणल्या, म्हणून तो दिसतोही झकास. सुरुवात मालमेदीच्या हत्याकांडाने. बेल्जियम, १७ डिसेंबर १९४४, शरण आलेल्या ८४ अमेरिकन सैनिकांना जर्मन एसएसच्या (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या) तुकडीने शेतात उभं करून मारलं. त्यातून निसटलेले काही जण बर्फातून चालत राहतात. त्यांच्यातला एक युद्धाआधी बर्लिनमध्ये धर्मप्रचारक होता, आणि वाटेत भेटलेला जर्मन सैनिक नेमका त्याच्या ओळखीचा निघतो.

प्रसंग हृदयस्पर्शी वगैरे आहे, मीही डोळे पुसले. पण नंतर चिडलो. खऱ्या मालमेदीचं काय झालं? १९४६ मध्ये जर्मनीतल्या दाखाऊला खटला चालला, ४३ जणांना फाशी सुनावली, एकालाही दिली नाही. त्या तुकडीचा प्रमुख पायपर १९५६ च्या अखेरीस सुटला. आणि आपण पडद्यावर बघतो काय, तर एक गोड जर्मन. "बघा, तोही माणूसच." अहो, माणूस होता हे माहितीच आहे. ८४ जणांना मारणारेही माणसंच होती, तीच तर भानगड आहे!

दुसरं उदाहरण, 'लेबनॉन', २००९, व्हेनिसला सुवर्णसिंह मिळालेला. इस्रायली दिग्दर्शक सॅम्युएल माओझ १९८२ च्या लेबनॉन युद्धात स्वतः रणगाड्यावर तोफची होता. जवळजवळ आख्खा सिनेमा रणगाड्याच्या पोटात. चार घाबरलेली पोरं, तेल, घाम. बाहेरचं जग फक्त तोफेच्या दुर्बिणीतून. कारागिरी अव्वल. पण ज्या लेबनीज लोकांच्या घरात तोफगोळे पडतायत ते आपल्याला फक्त दुर्बिणीच्या गोलातच दिसतात. उंबरठा, तुमचा "कॅमेरा तोंडापाशी" इथे अगदी तोंडापाशी आहे. कोणाच्या तोंडापाशी, ते कोणी विचारत नाही. आधी गोळ्या झाडायच्या आणि मग रडायचं, या प्रकाराला खुद्द इस्रायलमध्ये वाक्प्रचार आहे.

रातराणी | मंगळवार, रात्री ९:४८

खवचट, बऱ्याच दिवसांनी तुमच्या प्रतिसादाला अनुमोदन देतेय, कॅलेंडरवर खूण करते.

पण 'लेबनॉन'बद्दल थोडी असहमत. ते दुर्बिणीतून दिसणारे लोक सरळ आपल्याकडे बघतात. एक म्हातारा बसलेला असतो, तो नजर हटवत नाही. मला त्या पोरांची दया आली नाही, मला त्या गोलात अडकल्यासारखं झालं. आणि त्या पोरांना आपण नेमके कुठे आहोत हेही धड माहीत नाही. तेवढंच त्यांना दिसतं हा दोष दाखवायलाच सिनेमा केलाय असं मला वाटतं.

खवचट | मंगळवार, रात्री १०:०३

असेलही. पण सिनेमागृहातून बाहेर पडणारे बहुतेक जण "बिचारी पोरं" म्हणतच बाहेर पडतात.

उंबरठा | मंगळवार, रात्री ११:२०

खवचट, विचार केला. माझा मूळ मुद्दा अर्धवट होता हे कबूल. जवळ गेलेला कॅमेरा कोणाला बाहेर ठेवतो हे पाहायलाच हवं. 'टँजरिन्स'मध्ये ते जमतं कारण घर तिसऱ्याचं आहे. इव्हो कोणाच्याच बाजूचा नाही, त्यामुळे दोघंही सारखेच पाहुणे, सारखेच नकोसे. घर अहमदचं असतं तर तोच सिनेमा खोटा झाला असता.

'सेंट्स अँड सोल्जर्स' पाहिलेला नाही. ओळखीचा जर्मन निघणं जरा अतीच वाटतंय.

जुनीरिळं | बुधवार, सकाळी ९:१५

शत्रूच नसलेला युद्धपट हवा असेल तर 'कजाकी', २०१४, दिग्दर्शक पॉल केटिस. खरी घटना. ६ सप्टेंबर २००६, अफगाणिस्तानातलं हेल्मंड, कजाकी धरणाजवळचा कोरडा ओढा. ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटचा एक जवान सुरुंगावर पाय देतो. सुरुंग सोव्हिएत फौजांच्या काळातले, पुरणारे केव्हाच निघून गेलेत. मदतीला धावलेला दुसरा, मग तिसरा. तिघांचे पाय गेले. मध्येच हेलिकॉप्टर आलं ते चिनूक, दोर खाली सोडून माणूस उचलायची सोय नसलेलं. पात्यांच्या वाऱ्याने आणखी धोका, म्हणून खालचे जीव तोडून त्याला परत जा म्हणून खुणावतायत. त्या दिवशी कॉर्पोरल मार्क राइट गेले, त्यांना मरणोत्तर जॉर्ज क्रॉस हे ब्रिटनचं शौर्यपदक मिळालं.

सिनेमा जॉर्डनमध्ये केला, मोठ्या स्टुडिओशिवाय. निम्म्याहून जास्त वेळ माणसं एकाच जागी अडकलेली. पाऊल टाकायचं नाही, हाच सगळा थरार. आणि ती पोरं करतात काय? फालतू विनोद. पाय गेलेल्याची थट्टा, पाय गेलेल्याने उलट केलेली थट्टा. पार्श्वसंगीत आपल्याला रडायला सांगत नाही. पाण्याची बाटली एकाकडून दुसऱ्याकडे फेकायची तर ती खाली पडता कामा नये, एवढ्यावर माझ्या हाताला घाम फुटला होता.

मात्र खवचट यांची तक्रार इथेही लागू. अफगाण माणूस जवळपास नाहीच.

खवचट | बुधवार, सकाळी ९:४०

माझी तक्रार आता तुम्हीच नोंदवायला लागलात. मी निवृत्त व्हायला हरकत नाही.

भटकभवानी | बुधवार, दुपारी ४:३०

कालच्या आकड्याबद्दल जुनीरिळं यांचे आभार. घरी दोन जणांना ठासून सांगितला होता, आता त्यांना परत सांगायला लागणार. 🙈

'स्टील हेल्मेट' पाहिला. पोरगा सारखा झॅकच्या मागे मागे, आणि झॅक वळूनही बघत नाही. पण चालण्याचा वेग मात्र पोराला झेपेल इतकाच ठेवतो, हे कोणाच्या लक्षात आलं का? की माझा भास?

जुनीरिळं | बुधवार, सायंकाळी ६:१०

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता पुन्हा बघणं आलं.

रातराणी | शुक्रवार, रात्री १०:१५

पिट्ठूकाका, तुम्ही 'टँजरिन्स' बघाल का? एकदाच. दुसऱ्या खोलीत पाठवणार नाही कोणी.

पिट्ठू | सोमवार, पहाटे ५:३५

पाहिला. मुलीने लावून दिला आणि ती शेजारी बसली, मी काय बोलतो ते ऐकायला. फारसं बोललो नाही.

चुका आहेत. इतकी जखम झालेला माणूस इतक्या लवकर जेवायच्या टेबलाशी येऊन भांडत नाही. पण ते दोघं टेबलाशी बसून एकमेकांकडे ज्या नजरेने बघतात ते बरोबर आहे. मारायचं ठरवलेल्या माणसाचं तोंड रोज बघायला लागलं की अडचण होते. आम्हाला सहसा तोंड दिसत नाही, म्हणून निभतं.

म्हाताऱ्याने खोकी चांगली ठोकलीत. नटाला कोणीतरी शिकवलं असणार, किंवा त्याला येतच असेल.

गाडी ढकलायचा तो प्रसंग दोनदा बघितला. उंबरठा, तुम्ही स्फोटाचं लिहिलंत, मी त्यांच्या पाठी बघत होतो. गाडी खरी आहे.